दुसरा कोस

‘‘तुजी वेठ सपली म्हनायची आज,’’ लंकाबाई म्हणाली, आणि दोरकाच्या हातातली फणी सासूच्या पांढऱ्या केसांच्या गुंत्यात होती तिथंच थांबली.

म्हातारीनं ते चेष्टेत म्हटलं होतं. चेष्टेशिवाय तिच्या तोंडून शब्दच निघत नसे. ताप चढला तरी म्हणायची, लाकडं कशाला जाळतीस गं, भाकर माझ्या पोटावर टाक, टम्म फुगंल. पण हा शब्द काटा मोडावा तसा आत मोडला. गेला महिनाभर दोरका मनातल्या मनात ‘पाळी’ म्हणत होती. माझी पाळी झाली, आता बन्सीभाऊजींची पाळी. किती धुतला-वाळवलेला शब्द. नळावर पाळी असते, दळणाला असते, पाळी संपली म्हणून कुणी कुणाला बोल लावत नाही. आणि खाटेवर पडलेल्या, स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता न येणाऱ्या या बाईनं सकाळच्या पारी त्या शब्दाची साल काढून आतलं काय ते दाखवलं होतं.

‘‘काहीतरीच बोलता, आत्याबाई,’’ दोरका म्हणाली आणि जरा जोरातच फणी ओढली.

‘‘आगं, हळू! केस उपटून घी वाटलं तर, पन डोकं ऱ्हाऊ दे. गोजरीला दाखवाया काय तरी लागंल की.’’

गोजर म्हणजे बन्सीची बायको. बन्सी राहात्याकडं एका साखर कारखान्यावर पहारेकरी होता. दोरकाचा नवरा वारला त्या वर्षी पाळकसाहेबांच्या ओट्यावर बसून ठरलं होतं, की म्हातारी एका सुगीच्या सणापासून दुसऱ्या सुगीच्या सणापर्यंत एका घरी राहील, मग दुसऱ्या. गेल्या रविवारी देवळात सण झाला. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या वेदीपाशी मांडून लिलाव झाला, आणि पाळकसाहेबांनी उपदेशात शास्त्रातल्या त्या विधवा सुनेचा दाखला दिला, सासूला सोडून जायला तयार नसलेल्या. सगळ्या बायका माना वळवून दोरकाकडं बघायला लागल्या. दोरका खाली बघत होती आणि तिच्या मनात येत होतं, ती सून तरणी होती. तिला पुढं नवरा मिळाला, शेत मिळालं. आणि तिच्या सासूला दमा होता असं शास्त्रात कुठं लिहिलेलं नाही.

दोरका थकली होती. थकली म्हणजे काय, हे कुणाला सांगायला गेलं तर सांगता येत नसे. दिवसा मिशनच्या शाळेत दुसरीच्या मुली, संध्याकाळी रेशनची रांग, आणि रात्री म्हातारी. उताणी ठेवली तर दम लागायचा, डाव्या कुशीवर ठेवली तर हात बधिर व्हायचा. ‘दोरके’ म्हणून हाक यायची, ही उठायची, तिला वळवायची, परत अंग टाकायची, डोळा लागतोय तोवर पुन्हा ‘दोरके’. लढाईमुळं रॉकेल मिळत नव्हतं, तेव्हा हे सगळं अंधारात, चाचपडत. अलीकडं तिला फळ्यावर लिहिता लिहिता झोप यायची. एकदा ‘ग गवताचा’ लिहिताना ग चा काना थेट खाली भिंतीपर्यंत गेला, आणि मुलींना वाटलं बाई गवताचं चित्र काढतायत. दुसरं काही नको होतं तिला. म्हातारीला गाडीत बसवून परत यायचं, दाराला कडी घालायची, आणि ऐन दुपारी, उजेडात, लोकांच्या देखत म्हटलं तरी चालेल, निजायचं. त्यासाठी तिनं सकाळीच वाकळ ओट्यावर उन्हात टाकली होती. गुंता सोडवताना ती दारातून त्या वाकळेकडं बघत होती. पोरीबाळी लग्नाच्या शालूकडं बघतात तशी.

आणि तरी एक गोष्ट होती, जी ती बघत नव्हती. मागच्या पाळीला बन्सीकडून म्हातारी परत आली तेव्हा तिच्या पाठीला जखमा होत्या. गोजर वाईट नव्हती. ती दिवसभर उसात खुरपायला जायची, पोरं लहान, आणि म्हातारी दिवा लागेपर्यंत एका अंगावर पडून. यंदा तर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी छातीला लावून झाल्यावर दोरकाला बाहेर नेलं होतं, म्हणाल्या होत्या, तिकडं हयगय झाली तर हिवाळा काढायची नाही ही. पाठवणार असाल तर नीट निरोप घ्या. ‘नीट’ हा शब्द तेव्हापासून दोरकाच्या मागं लागला होता. निरोप नीट कसा घ्यायचा असतो? कुणी तिला दोष देणार नव्हतं. पाळकसाहेबांच्या ओट्यावर ठरलेलं होतं. म्हातारीनं तो शब्द काढला नसता तर दोरकानंही स्वतःला दोष दिला नसता.

कारण वेठ म्हणजे काय ते दोरका याच म्हातारीकडून शिकली होती. दर रविवारी ओट्यावर दोरका पोरींची शब्बाथशाळा भरवायची. एकदा प्रभूच्या डोंगरावरच्या शिकवणीतला धडा निघाला, की कुणी वेठीला धरून एक कोस नेलं तर आपण त्याच्याबरोबर दोन कोस जावं. दोरकानं नेहमीप्रमाणं घरगुती दाखला दिला. मुलींनो, आईनं बाजारातून पिशवी आणायला सांगितली, तर शेजारच्या मावशींचीही पिशवी आणावी, तो आपला दुसरा कोस. तेवढ्यात आतून खाटेवरून आवाज आला, ‘‘वेठ म्हंजी पिसवी व्हय गं, मास्तरीनबाई?’’ पोरी तोंडात पदर कोंबून हसल्या. मग रात्री म्हातारीनं सांगितलं. साहेबाचा, मामलेदाराचा मुक्काम हलला की वेसकराच्या, गावची वेस राखणाऱ्याच्या, दारात हाक. घास हातात असला तर हातातच. ओझं डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं, पुढच्या गावच्या शिवेपर्यंत. शिवेवर पुढच्या गावचा वेसकर उभा असायचा. त्याच्या डोक्यावर ओझं द्यायचं आणि माघारी फिरायचं. दमडी नाही, पाणी पाज म्हणायची सोय नाही.

‘‘आन् पहिल्यांदा उपदेशक आमच्या चिंचंखाली ह्ये शास्त्र वाचाया लागला,’’ म्हातारी म्हणाली होती, ‘‘तवा समदी मानसं धोतरं झाडत उठली. म्हनली, मामलेदार बरा, त्यो येकच कोस न्हेतो. ह्यो तर दोन न्हेतोय. चला घरी. येकटा बन्सीचा बाप बसून ऱ्हायला आन् हसाया लागला. थांबंनाच. का म्हन.’’

‘‘का?’’

‘‘त्यानं त्यो दुसरा कोस आदीच चालून ठिवला हुता.’’

आणि तिथून ती पेटी. वर्षभरात दोरकानं ती पेटीची गोष्ट किती वेळा ऐकली असेल देव जाणे. साहेबाचा तंबू खर्ड्याच्या किल्ल्याखाली पडायचा होता. बन्सीच्या बापाच्या डोक्यावर साहेबाची पेटी. शिवेवर आला तर पुढच्या गावचा माणूस आलेलाच नाही. मग त्यानं पेटी खाली ठेवली, घाम पुसला आणि म्हणाला, सरकारचा कोस झाला. असं म्हणून पेटी आपल्या हातानं पुन्हा उचलली. आता कोस माजा. आन् कोस माजा तर वाटबी माजी. आणि वळला तो थेट आपल्या मेव्हणीच्या गावाकडं! पहिल्या कोसाला साहेब घोड्यावर पुढं आणि वेसकर मागं. दुसऱ्या कोसाला वेसकर पुढं, आणि साहेब मागनं बोंबलतोय, अरे, माझी पेटी घेऊन कुठं चाललास! मेव्हणीच्या दारात पेटी उतरवली, साहेबाला गूळपाणी दिलं, म्हणाला, बसा पावनं.

पेटीत काय होतं ते मात्र रोज बदलायचं. कधी पेंढा भरलेला वाघ. कधी वाजवायची पेटी, आणि ती चालता चालता आपोआप सूर धरायची, म्हणून बन्सीच्या बापाला भजनं येत होती. कधी विलायतेहून आलेलं बर्फ, जे वाटेत वितळून त्याच्या पाठीवरून वाहून गेलं, आणि साहेब म्हणाला, तूच प्यालास. या गोष्टीला जागोजागी खुंट्या होत्या. तिथं आली की म्हातारी थांबायची, डोळे मिचकवायची. समोरच्यानं म्हणायचं, काहीतरीच! मग ती म्हणायची, ‘‘पाळकसायेब शपथ घिऊ देत न्हाईत म्हनून, न्हाई तर घेतली आसती,’’ आणि याहून मोठी थाप पुढं यायची. ‘काहीतरीच’ आलं नाही, तर गोष्ट तिथंच बसायची, चाक चिखलात बसावं तशी. रात्री दम लागला की तिला औषधापेक्षा हे जास्त लागायचं. दोरका अर्धवट झोपेत, भिंतीला टेकून, बरोबर जागेवर ‘काहीतरीच’ म्हणायला शिकली होती. थापच होती ती, दोघींना ठाऊक होतं. दोरकाला सासरा आठवत होता. त्याची मान कायमची पुढं वाकलेली होती, आकाश बघायचं तर त्याला बाजेवर उताणं व्हावं लागे. तो कधी फारसं बोलला नाही. आणि त्या दुसऱ्या कोसाबद्दल तर एक अक्षरही नाही.

‘‘उठा आता. टांगा आला.’’

उठा म्हणायचं आणि आपणच उचलायचं. दोरकानं एक हात तिच्या काखेखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि श्वास धरला. हे वजन तिला तिच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त ओळखीचं होतं. कुठं हाड लागतं, कुठं कातडी ओली असते, कुठल्या क्षणी म्हातारी भीतीनं पदर घट्ट धरते. वर्षभरात दोरकाचा डावा खांदा खाली आला होता. चोळी शिवणाऱ्या बाईनं परवा टेप लावून विचारलं होतं, असा का हो हा तिरपा?

बाहेर नबीलाल टांगेवाला घोड्याच्या पाठीवर थापट्या मारत उभा होता. ‘‘काय अम्मा, सासरी निघाली की माहेरी?’’

‘‘दोनीकडनं हाकलल्यात, नबीलाल. तुज्या घोड्याला इचार बाबा, त्याच्याकडं जागा हाय का.’’

‘‘घोडा बोलतो, अम्मा लई फेकती. त्याला रातभर झोप लागत नाय.’’

‘‘लबाड हाय घोडा. परवाच मला म्हनला, आजी, कंटाळा आलाय, खर्ड्याचं सांग.’’

ख्रिस्त गल्लीतून टांगा निघाला. दोरका मागं तोंड करून बसली होती, म्हातारीचं डोकं मांडीवर. मागं तोंड करून बसलं की सगळं आपल्यापासून निघून जाताना दिसतं. ओट्यावरची वाकळ, नळावरच्या बायका, शाळेचं फाटक, मग माळीवाड्याची वेस, सगळं लहान होत गेलं. स्टेशनच्या रस्त्याला पलटणीच्या लॉऱ्या धूळ उडवत गेल्या आणि म्हातारीच्या पापण्यांवर धूळ बसली. दोरकानं ती पदरानं टिपली. हात आपोआप गेला, आणि लगेच तिला त्या हाताचा राग आला. नवरा जाताना काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आईला सांभाळ म्हणाला असता, तर ती म्हणू शकली असती, त्याचा शब्द पाळतेय. तो फक्त ‘जरा पाणी’ म्हणाला होता. पाणी आणेपर्यंत गेला. त्यामुळं तिच्यावर कुणाचाच शब्द नव्हता, आणि बिनशब्दाचं ओझं कुठं ठेवायचं तेही कुणी सांगितलं नव्हतं. शिवेवरचा दगड तरी दिसतो. तिनं मनाशी प्रार्थना करून पाहिली. ‘हे प्रभू’ म्हणाली, आणि जांभई आली. मग तिला हसू आलं, की प्रभूलाही आता आपल्या जांभयांची सवय झाली असेल.

‘‘हसतीस का गं?’’ मांडीवरून आवाज आला. ‘‘सुटल्याचा आनंद व्हय?’’

‘‘तुम्ही डोळे मिटून घ्या. धूळ जाईल.’’

‘‘मिटल्यात की. मी कानानं बघतीया तुला.’’

स्टेशनवर बन्सी वाट बघत उभा होता. अंगात कारखान्याचा खाकी कोट, बाह्या आखूड, हातात गुंडाळलेलं पोतं. पुढच्या गावचा माणूस शिवेवर हजर होता. दोरकाला कळलं, की टांग्यातून येताना आपण मनात दुसरंच काही धरून बसलो होतो. बन्सी येणार नाही, गाडी चुकेल, काही होईल आणि मग आपल्याला ठरवावं लागणार नाही. पण बन्सी आला होता, आणि आईच्या पायांना हात लावून त्यानं दोरकाकडं असं पाहिलं, की तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

‘‘वयनी, लई केलं तुमी. आता माजी पाळी. मी न्हाई म्हनत न्हाई.’’

‘‘उताणं निजवू नका, भाऊजी. दम लागतो.’’

‘‘व्हय.’’

‘‘डाव्या कुशीला फार वेळ नको. पाठीला तेल.’’

‘‘व्हय, वयनी.’’

‘‘रात्री हाक मारली की उठा. काही नको असतं तिला. नुसतं उठायचं.’’

‘‘उठतो की. पहारेकरीच हाय मी,’’ बन्सी म्हणाला. मग त्यालाच आठवलं की रात्री तो कारखान्यावर असतो, आणि तो रुळाकडं बघायला लागला.

दौंडकडून गाडी आली. शिपायांनी भरलेले डबे पुढं गेले, मागचा एक जरा मोकळा होता. दोघांनी मिळून म्हातारीला आत नेलं. एका बाईनं आपली कोंबड्यांची पाटी पायाखाली ओढून बाक मोकळं केलं. बन्सीनं पोतं पसरलं, दोरकानं गाठोडं उशाला दिलं, म्हातारीला कुशीवर वळवलं, आणि खाली उतरली. बस, एवढंच. फलाटावर उभी राहिल्यावर तिचे हात अधांतरी वर येऊ लागले. वर्षानुवर्षं डोक्यावर घागर घेणारीच्या डोक्यावरून घागर काढली की मान आपोआप डोलते, तसं. मोकळं वाटायला हवं होतं. पण अंधारात जिना उतरताना पायरी संपलीय हे कळू नये आणि पाय जोरात जमिनीवर आपटावा, तसं झालं. जाईल, ती स्वतःला म्हणाली. निजल्यावर जाईल.

खिडकीतून बन्सीची पाठ दिसत होती आणि म्हातारीची एक वेणी. दोरकानंच सकाळी घातलेली, तिरकी. निरोप नीट घ्यायचा म्हणून ती खिडकीपाशी गेली. आत म्हातारी पोराशी बोलत होती, आवाज घरघरत होता.

‘‘बन्सी, तुज्या बापानं न्हेली ती पेटी म्हाईत हाय ना तुला? तिच्यात काय हुतं ठावं हाय? आख्खा पेंढा भरल्याला वाघ. आन् वाटंत त्यो वाघ शिंकला.’’

म्हातारी थांबली. खुंटी आली होती.

‘‘व्हय, आय,’’ बन्सी म्हणाला.

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘‘शिंकला त्यो दोन डाव.’’

‘‘व्हय, आय. तू निज.’’

म्हातारीनं तोंड मिटलं. दोरकानं तिला दम लागताना पाहिलं होतं, तापात बडबडताना पाहिलं होतं, नवऱ्याच्या आणि थोरल्या लेकाच्या मढ्यापाशी पाहिलं होतं. पण असं तोंड मिटताना पाहिलं नव्हतं. दार लावून घ्यावं तसं. आणि तिला एकदम दिसलं ते राहात्याचं वर्ष. जखमा नव्हे, तेलाची बाटली नव्हे. दिवसभर उसातून येणारा वारा, आणि संध्याकाळी भलं माणूस येऊन प्रत्येक थापेला ‘व्हय, आय’ म्हणणारं.

‘‘काहीतरीच!’’ दोरका खिडकीच्या गजांमधून ओरडली. ‘‘काल तर पेटीत बर्फ होतं!’’

कोंबड्यांची बाई दचकली. म्हातारीची मान वळली. ‘‘आगं, बर्फ वाघाच्या पोटात हुतं! म्हनून तर शिंकला!’’

शिट्टी झाली. दोरका डब्यात चढली. का चढली ते तिला नंतरही कधी धड सांगता आलं नाही. प्रीतीचं काही भरतं आलं म्हणावं, तर पायात चपलेचा अंगठा तुटला होता आणि लक्ष सगळं तिकडं होतं. शास्त्र आठवलं म्हणावं, तर तेही नाही. आठवली ती वाकळ, ओट्यावर तशीच राहिलेली, कुत्रं येऊन बसेल तिच्यावर. डबा हलला, फलाट मागं सरकायला लागला, आणि बन्सी उठून उभा राहिला.

‘‘वयनी! आवो, तिकीट? उतरा, उतरा!’’

‘‘तिकीटमास्तर आला की बघू.’’

‘‘पन तुमची पाळी तर...’’

‘‘पाळी झाली, भाऊजी. सरकून बसा.’’

दोरका म्हातारीच्या पायाशी, बाकाच्या टोकाला, अंग चोरून बसली. बाहेर उघडी माळरानं, करडई, एखादी विहीर. गाडीचा एकसारखा आवाज हाडांत उतरत होता. तिनं डोकं मागच्या फळीला टेकवलं. फळी हादरत होती, तरी टेकायला फळी होती. विळदला गाडी थांबली तेव्हा कुणीतरी तिच्या मांडीला पायाचं बोट टोचलं.

‘‘दोरके. विळद आलं. तुज्या कोसाची शिव आली. उतर, माघारी गाडी घावंल.’’

‘‘नाही उतरत.’’

‘‘मंग कुठवर येतीस?’’

‘‘ठाऊक नाही.’’ तिनं डोळे उघडले नाहीत. ‘‘गोजरशी बोलते, जागा बघते. बरी नसली तर उद्या दोघी परत. माझी वाट आहे, मी ठरवीन.’’

म्हातारी हसली, घशातून खरखर आवाज करत, खूप वेळ, चिंचेखाली कुणीतरी हसलं असेल तसं. ‘‘आन् साहेब?’’ ती म्हणाली. ‘‘साहेबानं काय करायचं?’’

‘‘साहेबानं मागून बोंबलत यायचं.’’

गाडी हलली. दोरकाचं डोकं फळीवरून घसरलं आणि खाली खाली गेलं, आणि म्हातारीच्या कमरेपाशी, पोत्यावर टेकलं. तिला उठायचं होतं. उठवेना. केसांवर एक हात आला, हलका, सालपट झालेला, ज्याला स्वतःच्या नाकावरची माशी हाकलता येत नव्हती.

‘‘आय, वयनीला उठवू का? तुला जड हुईल,’’ बन्सी कुठूनतरी लांबून म्हणाला.

‘‘गप. निजू दे तिला. पेटी आता म्या धरलीया.’’ मग आवाज आणखी खाली आला, कोंबड्यांनाही ऐकू जाऊ नये असा. ‘‘तर काय सांगत हुते, बन्सी. पेटी इतकी जड, इतकी जड, की खर्ड्याचा किल्ला बोटभर खाली दबला.’’

तिथं ती थांबली. दोरकानं झोपेतून ओठ हलवायला पाहिले, पण ती फार लांब गेली होती.

‘‘काहीतरीच!’’ म्हातारी स्वतःच म्हणाली, दोरकाच्या आवाजात, आणि पुढचं सांगायला लागली.